योसेफ, युसूफ, जुझे

बेळगावच्या किल्ल्यात सफा मशीद आहे. असदखान लारी या सरदाराने ती १५१९ च्या सुमारास बांधली. बेळगावची जहागीर त्याला विजापूरच्या दरबाराकडून मिळाली होती आणि त्या दरबाराचा मूळ पुरुष होता युसूफ आदिलशहा. किल्ल्यातून कॅम्पात आलं की सेंट जोसेफ ही मुलींची जुनी कॉन्व्हेंट शाळा लागते. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीतर्फे बेळगावात येऊन इथल्या प्रॉटेस्टंट मिशनचा पाया ज्याने घातला, त्या पाद्र्याचं नाव जोसेफ टेलर. गोव्याकडून घाट चढून खानापूर-बेळगावात स्थिरावलेल्या कोकणी ख्रिस्ती घरांत चौकशी केली, तर आजोबा-पणजोबांच्या पिढीत एखादा जुझे निघतो. निपाणीच्या बाजारात 'इसूफभाई' अशी हाक कानावर पडते, तेव्हा मागे वळून बघणाऱ्याचं नाव आधारकार्डावर युसूफ असतं.

ही पाच-सहा नावं नाहीत, एकच नाव आहे. ते मूळचं हिब्रू. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीत, ते एका आईच्या तोंडून पहिल्यांदा उच्चारलं जातं: योसेफ. तिथून निघून ते चार निरनिराळ्या वाटांनी मराठी मुलखात आलं. अरबी-फारसीतून आलं, पोर्तुगीजातून आलं, इंग्रज मिशनऱ्यांबरोबर आलं आणि अलिबागच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली यहुद्यांबरोबर थेट हिब्रूतूनही आलं. इतक्या वाटा एकत्र येणारी नावं थोडीच असतात. म्हणून या नावाची हकिकत जरा सविस्तर सांगावीशी वाटते.

आधी त्याचा जन्म. याकोबाचं मन राहेलीवर जडलं होतं. तिच्यासाठी त्याने मामाकडे सात वर्षं राबून काढली, पण लग्नाच्या रात्री मामाने थोरली मुलगी लेआ त्याच्या पदरात घातली. राहेल मिळवायला आणखी सात वर्षं राबण्याची बोली करावी लागली. लेआला मुलामागून मुलं झाली आणि राहेलीची कूस रिकामीच राहिली. रऊबेन, शिमोन, लेवी, यहूदा... प्रत्येक मुलाच्या नावात लेआने आपल्या मनातलं काहीतरी घातलं आहे. 'शिमोन'मध्ये देवाने माझं गाऱ्हाणं ऐकलं हा भाव आहे, 'यहूदा'मध्ये देवाची स्तुती आहे. दोघींच्या दासींनाही मुलं झाली. घरात दहा मुलगे खेळू लागल्यावर अकरावा मुलगा राहेलीला झाला.

त्या वेळी राहेल दोन वाक्यं बोलते. पहिलं असं की देवाने माझी मानहानी काढून घेतली. 'काढून घेणं' या अर्थाचं इथलं हिब्रू क्रियापद आहे 'आसाफ'. दुसरं वाक्य म्हणजे मागणं: परमेश्वर मला आणखी एक मुलगा देवो. 'आणखी देवो, भर घालो' याला हिब्रूत 'योसेफ' म्हणतात. काढून घेतलं आणि भर घातली, अशा उलट अर्थांच्या दोन शब्दांचा नाद जुळवून तिने मुलाचं नाव ठेवलं. व्याकरणाच्या अंगाने बघितलं तर योसेफ हे नाम नाहीच, ते क्रियापदाचं रूप आहे. कर्ता त्यात बोललेला नाही, तो मनात धरायचा. बायबलमध्ये एज्राच्या पुस्तकात 'योसिफ्या' असं नाव येतं. त्यात कर्ता उघड आहे, कारण शेवटचा 'या' म्हणजे देवाच्या नावाचा संक्षेप. योसेफ हे तशाच लांब नावाचं घरगुती, आखूड रूप असावं असं अभ्यासक मानतात.

या नावाबद्दल मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते हे, की ते ज्याला ठेवलं त्याच्याविषयी काहीच सांगत नाही. ते पुढच्या मुलाविषयी आहे. मांडीवर आताच जन्मलेलं बाळ आहे आणि आईचं मागणं आहे ते त्याच्या पाठच्या भावासाठी. आपल्याकडे असं नाव माहीत आहे, फक्त उलट्या दिशेचं. मुलीमागून मुलगी झाली की तिचं नाव 'नकोशी' किंवा 'नकुसा' ठेवायचे. तेही त्या मुलीबद्दल कमी आणि पुढच्या बाळंतपणाबद्दल जास्त असायचं. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात जिल्हा प्रशासनाने समारंभ करून अशा २८० हून अधिक मुलींची नावं बदलली. एका नावात 'आणखी' आहे, दुसऱ्यात 'पुरे'. दोन्हींचं ओझं मात्र ज्या लेकराला हाक मारली जाते त्यानेच वाहायचं.

राहेलीचं मागणं पुरं झालं. तिला दुसरा मुलगा झाला, पण प्रवासात, बेथलेहेमच्या वाटेवर, त्या बाळंतपणातच ती गेली. जाताना तिने त्याला 'बेन-ओनी', माझ्या दुःखाचा मुलगा, असं म्हटलं. बापाने ते बदलून बेन्यामीन केलं. योसेफ या नावात मागितलेला भाऊ तो हाच.

लिहायला हे नाव चारच अक्षरांचं: योद, वाव, सामेख, पे. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि आपल्या काना-मात्रांसारख्या स्वरखुणा एरवी गाळतात. 'पे' शब्दाच्या शेवटी आला की त्याचं शेपूट रेघेखाली उतरतं आणि उच्चार 'फ' होतो, ओठ-दातांमधून निघणारा. 'य-स-फ' या धातूतून आजच्या हिब्रूतही पुष्कळ शब्द निघतात. शब्बाथच्या आणि सणाच्या दिवशी नेहमीच्या प्रार्थनेला जी जोडप्रार्थना असते ती 'मुसाफ', आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीलाही तिथे मुसाफच म्हणतात.

एक्क्याऐंशीव्या स्तोत्रात हे नाव एकदाच वेगळ्या तऱ्हेने येतं: 'यहोसेफ'. मध्ये 'हे' हे एक अक्षर जास्त आहे. 'भर घालो' अशा अर्थाच्या नावातच एका अक्षराची भर पडली, हे यहुदी शास्त्रींच्या नजरेतून कसं सुटेल? तालमुदात त्यावर एक सुंदर कथा आहे. मिसरच्या राजाने योसेफला मोठं पद देऊ केलं, तेव्हा दरबारी म्हणाले, ज्याला राज्यकर्त्याच्या सत्तर भाषा येत नाहीत त्याला आमच्यावर नेमता? तेव्हा गॅब्रिएल देवदूत रात्री त्याला भाषा शिकवायला आला. योसेफला त्या काही जमेनात. मग देवाच्या नावातलं एक अक्षर त्याच्या नावात घातलं आणि त्याला सत्तर भाषा आल्या. घरी मराठी, कचेरीत कन्नड, शेजारी कोकणी आणि बाजारात दखनी अशा गावात वाढलेल्या माणसाला ही कथा दुसऱ्या कुणाहून जवळची वाटावी.

आता 'योसेफ'चा 'जोसेफ' कसा झाला? ग्रीकांनी ते 'इओसेफ' असं लिहिलं, लॅटिनने ग्रीकांवरून उचललं. तोवर सुरुवातीला 'य'च होता. लॅटिनमधून युरोपच्या भाषा फुटल्या तसा शब्दाच्या आरंभीचा हा 'य' घट्ट होत गेला. फ्रेंचमध्ये, पोर्तुगीजात आणि इटालियनमध्ये तो 'ज'च्या घरातला झाला आणि फ्रेंचांकडून इंग्रजीत गेला. जर्मनांनी मात्र 'य' सांभाळला. इंग्रजीत याच बदलाने याकोबचा जेकब झाला, योहानचा जॉन आणि येशूचा जीझस. मराठी माणसाने यात नवल मानायचं कारण नाही, आपल्याकडेही हेच झालं आहे. संस्कृत यवाचा जव झाला, योग्याचा जोगी झाला, यात्रेची जत्रा झाली. सौंदत्तीला यल्लमाची भरते ती जत्राच. तेराव्या शतकात रट्टांचं राज्य घेऊन देवगिरीचे यादव बेळगावपर्यंत पोचले. त्या यादव नावाचा आज घरोघरी जाधव झाला आहे. यादवापासून जाधव आणि योसेफपासून जोसेफ हा जिभेचा एकच व्यवहार आहे, दोन खंडांवर स्वतंत्रपणे झालेला.

अरबांनी 'य' सोडला नाही. त्यांच्याकडे तो युसूफ झाला आणि कुराणाचा बारावा अध्याय त्याच्या नावाचा आहे. १११ आयतींचा हा अध्याय सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गोष्ट सांगतो आणि तिला सगळ्यात सुंदर कथा म्हणतो. भावांनी विहिरीत टाकलेला, परदेशात विकलेला, तुरुंगात खितपत पडलेला मुलगा स्वप्नांचे अर्थ सांगत सांगत मिसरचा कारभारी होतो आणि दुष्काळात त्याच भावांना धान्य देतो. बायबलमध्ये भावांनी त्याला चांदीच्या वीस नाण्यांना विकल्याचं सांगितलं आहे. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि राजापुढे उभा राहिला तेव्हा तीस. मालकाची बायको त्याच्यावर भाळली, तिचं नाव बायबलमध्ये नाही. मुसलमानी परंपरेने तिला जुलेखा म्हटलं. फारसी कवी जामीने पंधराव्या शतकात युसूफ-जुलेखाचं काव्य रचलं आणि सतराव्या शतकाच्या अखेरीला विजापूरच्या हाश्मी या अंध कवीने तीच कथा दखनीत बांधली. हिब्रू आईच्या मागण्यातून निघालेलं नाव असं आपल्या शेजारच्या राजधानीत प्रेमकाव्याचा नायक झालं.

त्या राजधानीच्या संस्थापकाची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. फिरिश्ता हा इतिहासकार विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी होता. तो लिहितो की युसूफ हा तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतान मुरादचा मुलगा. १४५१ मध्ये मुराद वारला, थोरला गादीवर आला आणि त्याने धाकट्या भावांचा काटा काढायचं ठरवलं. आईने युसूफला इराणातल्या सावा गावच्या एका व्यापाऱ्याच्या हवाली केलं. मोठेपणी स्वप्नात दृष्टान्त झाला म्हणून तो हिंदुस्थानकडे निघाला, दाभोळ बंदरात उतरला, बिदरला गेला. तिथे गुलाम म्हणून बहमनी वजीर महमूद गावानच्या हाती आला आणि चढत चढत सरदार झाला. १४९० मध्ये त्याने विजापुरात स्वतःची सत्ता उभी केली. आजचे इतिहासकार या राजवंशी जन्मकथेवर फारसा विश्वास ठेवत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पण कथेचे सांधे बघा. जिवावर उठलेला भाऊ, परका व्यापारी, स्वप्न, गुलामगिरी, परमुलखात मिळालेली सत्ता. फारसी वाचकाला हे वाचताना दुसरा युसूफ आठवल्याशिवाय राहिला असेल असं मला वाटत नाही. नावाने माणसाचं चरित्र आपल्या साच्यात ओढून घेतलं असावं, असा माझा तर्क आहे.

सावा गावचा म्हणून त्याला 'सवाई' म्हणत. पोर्तुगीज बखरकारांनी त्याचं 'सबायो' केलं आणि आदिलखानाचं 'इदालकाँव'. १४७२ च्या मोहिमेत महमूद गावानने बेळगाव जिंकून बहमनी राज्याला जोडलं होतं, ते पुढे या विजापूरकरांकडे आलं. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला तो युसूफच्याच राज्यातून, आणि त्याच सुमारास युसूफ वारला. पणजीतला जुना सचिवालयाचा वाडा आजही आदिलशहाचा वाडा म्हणूनच ओळखतात. जाता जाता हेही सांगायला हवं की आदिलशाहीच्या नऊ सुलतानांपैकी चौघांची नावं मुळात बायबलमधली आहेत: युसूफ, इस्माईल आणि दोन इब्राहिम. इस्माईल म्हणजे 'देव ऐकतो'. लेआच्या शिमोनमधला 'ऐकणं' हाच धातू त्यातही आहे.

युसूफच्या हातून गोवा गेला आणि तेच नाव दुसऱ्या वेशात गोव्यात शिरलं. पोर्तुगीजांचा जोसेफ म्हणजे 'जुझे'. शेवटचा 'फ' त्यांच्या जिभेने कधीच गाळला होता आणि पहिला 'ज' कोकणी तोंडाला सहज बसला. सासष्टीत एका गावाचं नावच सां जुझे दि अरियल आहे. हा जुझे म्हणजे राहेलीचा मुलगा नव्हे, येशूची आई मरिया हिचा नवरा, नाझरेथचा सुतार. मात्र नव्या करारातला हा जोसेफ जुन्या जोसेफचाच माग काढत चालतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याच्या बापाचं नाव याकोबच आहे, त्यालाही देवाची आज्ञा स्वप्नातच होते आणि त्यालाही मिसरमध्ये आसरा घ्यावा लागतो. १८७० मध्ये नवव्या पायस पोपने त्याला अखिल ख्रिस्तसभेचा आश्रयदाता जाहीर केलं. १९ मार्च हा त्याचा जुना सण. १९५५ मध्ये बाराव्या पायसने १ मे हा कामगार-दिन 'कामकरी संत जोसेफ' म्हणून नेमला, कारण तो हातावर पोट असलेला सुतार होता.

गोव्याच्या मातीतला सगळ्यात थोर जुझे म्हणजे संत जोसेफ वाझ. १६५१ साली बाणावलीला जन्मलेला हा कोकणी पाद्री आधी कानडा किनाऱ्यावर राबला. मग डचांच्या धाकाखालच्या श्रीलंकेत तो वेष पालटून शिरला, कारण तिथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. १७११ मध्ये कँडीला त्याने देह ठेवला. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोला त्याला संत घोषित केलं. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली झाला. त्याआधी इथला मोठा मुलूख गोव्याच्या आर्चबिशपकडे होता. बाप्तिस्म्याच्या वह्या, पाद्री आणि सण सगळं घाट चढून वर येत होतं, तर नावं मागे कशी राहतील? घरात जुझे, चर्चच्या लॅटिन नोंदीत योसेफुस आणि इंग्रजी शाळेच्या पटावर जोसेफ, असा एकच माणूस तीन नावांनी जगला.

तिसरी वाट मिशनऱ्यांची. १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला, छावणी पडली आणि दोनच वर्षांनी बळ्ळारीहून जोसेफ टेलर आला. पुढे बेनन आणि स्मिथ हे त्याचे सहकारी झाले. त्यांची नावं जोडून झालेलं बेनन स्मिथ हायस्कूल बेळगावकरांना सांगायला नको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम मेथडिस्टांकडे गेलं. या लोकांनी इंग्रजी नाव आणलं खरं, पण इथल्या भाषांतल्या बायबलने ते तसं घेतलं नाही. मराठी बायबलमध्ये तो जोसेफ नाही, योसेफ आहे, आणि कन्नड बायबलमध्येही योसेफच. जॉनचा योहान आणि सॅम्युएलचा शमुवेल ही त्याच जातीची. भाषांतरकारांनी इंग्रजी डावलून मूळ हिब्रू आणि ग्रीक उच्चार जवळ केले. श्रीरामपूरला विल्यम केरी आणि त्यांचे वैजनाथ पंडित यांच्यापासून, म्हणजे १८११ च्या मराठी नव्या करारापासून, या कामाची परंपरा आहे. पंडिता रमाबाईंनी तर त्यासाठी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीक शिकून संपूर्ण बायबल स्वतः मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण छापून निघालं. रमाबाईंचा जन्मही आजच्या कर्नाटकातल्या डोंगरातला. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या भाषांत या नावाचं रूप एकच राहिलं, हे या भाषांतरकारांचं देणं आहे.

चौथी वाट सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मराठी. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून वाचलेली सात जोडपी, अशी बेने इस्रायलींची पूर्वजकथा आहे. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू पोथ्या गेल्या, भाषा गेली. उरली ती 'शेमा' ही एक प्रार्थना, काही सण आणि नावं. ती नावंही कोकणी पाण्यात मुरली. अब्राहमचा अबाजी, सॅम्युएलचा समाजी, मोशेचा मुसाजी, दाविदाचा दाऊदजी. आडनावं पेणकर, दिवेकर, राजपूरकर, केहिमकर, चेऊलकर. समाजी हसाजी दिवेकर हा कंपनी सरकारच्या फौजेत अंमलदार होता. हसाजी म्हणजे यहेज्केल. म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. 'बेने इस्रायल' हे नाव कुराणात आलेलं आहे हे ऐकून टिपूच्या आईने त्याचे प्राण वाचवले, अशी त्यांच्यात आठवण सांगतात. सुटून आल्यावर १७९६ मध्ये त्याने मुंबईत बेने इस्रायलींचं पहिलं सिनेगॉग बांधलं. आजची सॅम्युएल स्ट्रीट त्याच्याच नावाची.

याच समाजात जोसेफ एझेकिएल राजपूरकर होऊन गेले. जन्म १८३४, मृत्यू १९०५. डेव्हिड सॅसून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक, आणि हिब्रू प्रार्थनांचे मराठी अनुवादक. शतकानुशतकं अर्थ विसरलेल्या समाजाला त्यांनी त्याच्या प्रार्थना स्वतःच्या भाषेत वाचायला दिल्या. या सगळ्या जोसेफांमध्ये हे नाव सर्वात सार्थ केलं ते राजपूरकरांनी असं मला वाटतं, कारण त्यांनी खरोखरच भर घातली. दुसरे एक जोसेफ, जोसेफ डेव्हिड पेणकर, नाटककार होते. १९३१ सालचा पहिला हिंदी बोलपट 'आलम आरा' त्यांच्याच नाटकावर उभा राहिला. १९४८ नंतर पुष्कळ बेने इस्रायली इस्रायलला गेले. तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी चालवलं. तिथल्या हिब्रूत जोसेफचा पुन्हा योसेफ झाला आणि लाडाने योसी.

इतिहासात नावं कधी कधी अशी समोरासमोर येतात की बघत राहावं. प्राचीन पॅलेस्टाईनमधल्या यहुद्यांत पुरुषांचं सर्वात जास्त आढळणारं नाव शिमोन आणि त्याखालोखाल योसेफ. उत्पत्तीच्या पुस्तकात दुष्काळात धान्य मागायला आलेल्या भावांपैकी शिमोनाला योसेफ मिसरमध्ये अडकवून ठेवतो, बाकीच्यांना म्हणतो, धाकट्याला घेऊन या, मग याला सोडतो. ३ फेब्रुवारी १९२८ ला सर जॉन सायमन यांचं कमिशन मुंबईला उतरलं. सायमन म्हणजे शिमोन. त्यांना 'सायमन गो बॅक' असं बजावणारी घोषणा ज्याने घडवली, तो मुंबईचा पंचविशीच्या आतला समाजवादी तरुण युसूफ मेहेरअली. तो पुढे १९४२ मध्ये मुंबईचा महापौर झाला आणि 'क्विट इंडिया' हे शब्दही त्याचेच. एका योसेफने शिमोनाला ठेवून घेतलं होतं, दुसऱ्याने परत जायला सांगितलं.

सीमाभागात आज या नावाचं काय होतं आहे, ते कागदावर दिसतं. मतदार यादी कन्नडमध्ये, घरातली बोली मराठी किंवा दखनी, आधारकार्डावर इंग्रजी अक्षरं. हाकेतला इसूफ आणि जुझे कागदावर कुठेच येत नाहीत, तिथे असतात युसूफ आणि जोसेफ. ही प्रमाण रूपं चुकीची नाहीत. पण इसूफ आणि जुझे या रूपांत अर्धा हजार वर्षांचा प्रवास साठलेला आहे. कुठल्या बंदरातून, कुठल्या घाटाने आणि कुणाच्या तोंडून ते नाव आपल्या घरात आलं हे त्या रूपावरून कळतं, प्रमाण रूपावरून कळत नाही. बोलीतलं रूप हाक मारणाऱ्याबरोबर जातं. तो गेला की ते लिहून ठेवणारं कुणी उरत नाही.

पुष्कळ ख्रिस्ती घरांत जुन्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्न आणि मृत्यू टिपलेले असतात. बाप्तिस्म्याच्या वह्या असतात, कबरीवरचे झिजलेले दगड असतात, मुसलमान घरांत निकाहनामे आणि जुनी खरेदीखतं असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ज्या कुणाकडे असं काही आहे त्यांनी त्यातली नावं जशी लिहिली आहेत तशी, शुद्ध न करता, एका वहीत उतरवून घ्यावीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पणजोबांना काय हाक मारायचे तेही विचारावं, आणि त्याचं उत्तर त्याच वहीत लिहावं.